दोन आकड्यांचं तांबं: क्रोमियम कॉपर ओतायला आणि मुरवायला शिकताना

डिप्लोमा करून आमच्या उद्यमनगरातल्या खात्यात लागलेला एक पोरगा दुसऱ्याच आठवड्यात स्पॉट वेल्डिंगचा इलेक्ट्रोड होल्डर घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. चेहरा पडलेला. "काका, मटेरियल चुकलंय. हार्डनेस ६८ आणि कंडक्टिव्हिटी ४३ टक्के. दोन्हीत नापास." मी होल्डर हातात घेऊन फिरवून बघितला. पाण्यात विझवलेल्या जॉबवर असते तशी काळी खपली, अर्धी सुटलेली. मटेरियल काही चुकलेलं नव्हतं. त्यानं एजिंगला (विझवल्यानंतर बेताच्या तापात ठेवण्याला) अजून न गेलेला जॉब रॅकवरून उचलून, कडेला घासून, मापला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच होल्डरवर आकडे आले ११४ आणि ८०. एका रात्रीत कडकपणाही वाढला आणि वीज नेण्याची ताकदही, हे त्याला पटेना.

त्याचं तरी काय चुकलं? कोल्हापुरात ओतकाम म्हणजे बीड. शिरोली घ्या, गोकुळ शिरगाव घ्या, कागलची वसाहत घ्या, दहा फौंड्र्यांत नऊ बिडाच्या. पोलादाला पाणी दिलं की कडक होतं, टेम्परिंग केलं की थोडं मऊ होतं, हे इथल्या चहावाल्यालाही माहीत. क्रोमियम कॉपरमध्ये गाडी उलट्या बाजूनं चालते. बिडातून किंवा गनमेटलमधून जे नव्यानं तांब्याकडं वळताहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय, कारण त्यांच्या हाताला लागलेल्या सवयींपैकी निम्म्या इथं नडतात.

आधी हे डोक्यात बसवा

शुद्ध तांबं वीज उत्तम नेतं, पण मऊ. तांबट घागर ठोकत जातो तशी ती कडक होते आणि ताव दिला की परत मऊ पडते. म्हणजे ठोकून आलेला कडकपणा उष्णतेपुढं टिकत नाही. शिवाय आपला जॉब ओतलेला, त्याला घागरीसारखं ठोकायचं कुठं? मग दुसरी धातू मिसळायची. ती मिसळली की कडकपणा येतो आणि वीज जाते.

किती जाते बघा. १९१३ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर अनील केलेल्या, म्हणजे ताव देऊन मऊ केलेल्या, तांब्याची वाहकता १०० टक्के धरायची असं ठरलं. २०° सेल्सियसला एक मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तारेचा रोध ०.०१७२४१ ओहम, तो म्हणजे १०० टक्के आयएसीएस. या मोजपट्टीवर ७०-३० पितळ २८ च्या आसपास येतं. ८५-५-५-५ गनमेटल (तांबं, कथिल, शिसं, जस्त) १५ ला, अॅल्युमिनियम ब्राँझ १३ ला. तांब्याच्या स्फटिकात परका अणू विरघळून बसला की धावणारे इलेक्ट्रॉन त्याला अडखळतात. जितके परके अणू विरघळलेले, तितका अडथळा.

यात 'विरघळलेले' हा शब्द महत्त्वाचा. तोच परका अणू विरघळलेला न राहता आपल्या भाईबंदांबरोबर बारीक कणात गोळा झाला, तर मधलं तांबं मोकळं होतं आणि वीज पुन्हा धावते. आणि तेच बारीक कण स्फटिकाच्या थरांना घसरू देत नाहीत, म्हणून कडकपणाही वाढतो. क्रोमियम कॉपरचं सगळं गणित एवढ्यातच आहे.

काकवीची बरणी आठवा. गरम असते तेव्हा सगळी साखर विरघळलेली, एकसारखी. महिना-दोन महिने फडताळात राहिली की तळाला खडे धरतात आणि वरची काकवी पातळ होते. १००० अंशांना तांब्यात क्रोमियम जेमतेम अर्धा टक्का विरघळतं. ४०० ते ५०० अंशांना त्यातला नगण्य भागच विरघळलेला राहू शकतो. गरम असताना विरघळवायचं, झटकन विझवून आत कोंडायचं, मग बेताच्या उष्णतेवर ठेवून बारीक बारीक बाहेर काढायचं. या शेवटच्या कामाला कारखान्यात सगळे एजिंगच म्हणतात. मी मात्र पोरांना 'मुरवणं' म्हणून सांगतो. लोणच्यासारखंच, घाई केली की कच्चं आणि विसरलं की गिळगिळीत.

(हुपरीला चांदीचं काम करणारा ओळखीचा असेल तर त्याला विचारा. तांबं मिसळलेली ९२.५ टंचाची चांदीही अशीच मुरवून कडक करता येते. आपण काही वेगळं करतोय असं नाही.)

पायरी पहिली: कुठला मिश्रधातू?

नवख्यानं क्रोमियम कॉपरनं सुरुवात करावी. ०.६ ते १.२ टक्के क्रोमियम, बाकी तांबं. मुरवल्यावर साधारण ८० टक्के वाहकता, ओतलेल्या जॉबला ब्रिनेल (कडकपणाचं माप) १०५ ते १२०, ताण सोसण्याची ताकद ३५० मेगापास्कलच्या आसपास. वेल्डिंगचे होल्डर, आर्म, भट्टीच्या कॉइलकडं वीज नेणारे जाड टर्मिनल हे सगळं यात बसतं. जास्त कडकपणा हवा आणि वीज निम्मी चालणार असेल तर निकेल-सिलिकॉन-क्रोमियमवालं तांबं. त्यात निकेल आणि सिलिकॉन मिळून कण बनवतात आणि वाहकता ४५-५० ला थांबते. ज्या जॉबमध्ये आटे पाडायचे आहेत आणि ते पुन्हा पुन्हा उघडायचे आहेत, तिथं मी गिऱ्हाइकाला हेच सुचवतो.

बेरिलियम कॉपर सगळ्यांत कडक. जवळपास दोन टक्के बेरिलियम असलेलं मुरवलं की चांगल्या पोलादाच्या पंगतीला बसतं, पण वाहकता २२ ते २८. आणि त्याचा धूर, धूळ फुप्फुसात गेली तर बरा न होणारा आजार होतो. साध्या शेडमध्ये, साध्या पंख्याखाली ते वितळवायचं नाही आणि ग्राइंडही करायचं नाही. गिऱ्हाईक कितीही दर देवो.

गनमेटल, साधं पितळ हे एजिंगनं कडक होत नाहीत, तेव्हा तो नाद नको. मला एकदा एकानं गनमेटलचे बुश आणून 'टी-सिक्स करून द्या' म्हटलं होतं, अॅल्युमिनियममध्ये करतात तसं. भट्टीत घालून गॅस जाळला असता, बाकी काही नाही.

पायरी दुसरी: रस

इथं सगळ्यांत जास्त वेळ घालवतो, कारण इथं झालेली चूक पुढं कुठल्याच भट्टीत दुरुस्त होत नाही.

चार्जला, म्हणजे मुशीत भरायच्या मालाला, कॅथोड (शुद्ध तांब्याचा पत्रा) किंवा स्वच्छ, चकचकीत उघडी तार. भंगारवाले जिला मिलबेरी म्हणतात ती. कथिलाचा मुलामा असलेली तार, सोल्डर लागलेली टोकं, पितळेचा कीस यातलं काही नको. टर्निंगचा कीस स्वस्त मिळतो म्हणून एकदा आम्ही पोतंभर घेतला होता. वरून तांब्याचा, आत कुठल्या तरी लेथवरचं पितळ मिसळलेलं. त्या हीटचे, म्हणजे त्या एका वितळणीचे, सगळे जॉब हार्डनेसला पास आणि वाहकतेला ६३-६४. चार दिवस एजिंगच्या भट्टीला शिव्या घालत होतो.

आता सवयींकडं या. गनमेटलचा मेल्टर ओतण्याआधी रसातला ऑक्सिजन काढायला फॉस्फर कॉपरचा (फॉस्फरस मिसळलेल्या तांब्याचा) तुकडा मुशीत टाकतो. त्याच्यासाठी ते पोळीवर तुपासारखं. ६० किलोच्या रसात १५ टक्क्यांच्या फॉस्फर कॉपरचा १२० ग्रॅमचा तुकडा टाकला आणि सगळा फॉस्फरस आत राहिला तर तो भरतो ०.०३ टक्के. एवढ्याशा फॉस्फरसनं शुद्ध तांब्याचे पंधरा-वीस गुण जातात. हा फॉस्फरस पुढं काढताही येत नाही. त्यामुळं आमच्या तांब्याच्या मुशीजवळ फॉस्फर कॉपरचा डबाच ठेवत नाही. ऑक्सिजन काढायला कॅल्शियम बोराइड किंवा लिथियम भरलेल्या तांब्याच्या नळकांड्या वापरतो. त्या कोरड्या ठेवायच्या आणि ग्राफाइटच्या बेलनं (दांड्याला लावलेल्या उलट्या वाटीनं) रसाच्या तळापर्यंत दाबायच्या.

बिडाच्या माणसाची सवय निराळी. तो हाताला येईल ती सळई घेऊन रस ढवळतो. लोखंड तांब्याच्या रसात विरघळतं आणि वाहकतेला ते फॉस्फरसच्या खालोखाल वैरी. ढवळायला ग्राफाइटचा दांडा, नाहीतर लेप देऊन नीट वाळवलेली सळई. बिडाची लॅडल (रस न्यायचं पात्र) तर चुकूनही आणायची नाही.

डोळ्यावर विश्वास नको. बीड ओततात चौदाशेच्या आसपास, तो रंग ज्याच्या डोळ्यात बसलाय त्याला १२०० अंशांचं तांबं थंडच वाटणार. शिवाय तांब्याचा रस वरून हिरवट झाक मारतो आणि लांबून रोखायचा पायरोमीटरही त्यावर फसतो. थर्मोकपल बुडवा.

मग क्रोमियम. ते सगळ्यात शेवटी, ऑक्सिजन काढून झाल्यावर. शुद्ध क्रोमियमचे खडे टाकलेत तर ते तांब्यापेक्षा हलके, वर तरंगतात आणि हवेत जळून मळीत जातात. मास्टर अलॉय, म्हणजे आधीच क्रोमियम मिसळलेलं तांबं, वापरा. हिशेब असा: ६० किलोत ०.९ टक्के हवं म्हणजे ५४० ग्रॅम क्रोमियम, १० टक्क्यांच्या मास्टर अलॉयचे ५.४ किलो. जळणारं धरून आम्ही साडेसहा टाकतो. तुमची भट्टी, तुमचा वेग वेगळा, तेव्हा पहिल्या तीन-चार हीटचा नमुना स्पेक्ट्रोला (धातूत काय किती आहे ते सांगणाऱ्या तपासणीला) पाठवून तुमचा आकडा काढा. रस १२०० ते १२५० ला आणायचा, ढवळायचं आणि ओतायचं. क्रोमियम टाकल्यावर चहाला जायचं नाही.

आता पावसाळा. तांब्याच्या रसात हायड्रोजन शिरतो तो ओलाव्यातून. रस गोठताना तो आतल्या ऑक्सिजनला भेटला की वाफ होते आणि वाफेला बाहेर जायला वाट नसते. जॉब आतून स्पंज. ओळखायचं कसं, तर रायझरकडं (गोठताना जॉबला रस पुरवणाऱ्या वरच्या साठ्याकडं) बघा. चांगल्या रसाचा रायझर गोठताना मधे खड्डा पडून खाली बसतो. गॅस धरलेल्या रसाचा रायझर पावासारखा फुगून वर येतो, कधी कधी टोपी फुटून रस बाहेर येतो. साच्यात ओतण्याआधी एका छोट्या वाटीत ओतून हेच बघता येतं, दोन मिनिटांचं काम आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं तेव्हा आमच्या खात्यात पाणी शिरलं नाही, पण कोळशाची पोती आठ दिवस दमट हवेत पडून होती. वीज आल्यावर घाईनं पहिली हीट लावली, तोच कोळसा रसावर पसरला. सोळाच्या सोळा रायझर फुगले. तेव्हापासून जून ते सप्टेंबर आम्ही कोळसा लाल करूनच मुशीत टाकतो. मूसही आदल्या रात्रीपासून भट्टीच्या कडेला असते.

पायरी तिसरी: साचा

राखी बीड गोठताना आतला ग्राफाइट फुगतो, म्हणून छोट्या रायझरवर निभावतं. तांब्याला ग्राफाइटची मदत नाही. गोठताना ते चार-पाच टक्के आकसतं आणि तेवढा रस कुठून तरी हवाच असतो. बिडाच्या हिशेबानं रायझर ठेवला तर पाइप, म्हणजे आकसल्याची पोकळी, थेट जॉबमध्ये उतरतो. रायझर मोठा, जाड भागावर, आणि लांबच्या टोकाला चिल (रस लवकर गोठवणारा धातूचा तुकडा), म्हणजे गोठणं टोकाकडून रायझरकडं सरकेल. पॅटर्नलाही (साचा ज्यावरून पाडतात त्या नमुन्यालाही) आकसणं जास्त धरायचं. बिडाला टक्काभर, इथं दोनच्या आसपास. ५०० मिलिमीटरच्या आर्मला पाच मिलिमीटरऐवजी दहा. बिडाचा जुना पॅटर्न उचलून तांब्याला लावणारे मी बघितलेत आणि मग मशीनिंगला माल न उरल्यावर पॅटर्नवाल्याशी भांडणारेही.

क्रोमियममुळं रसावर ऑक्साइडची साय धरते. उंचावरून धबाधबा ओतलं की ती साय घड्या पडून आत जाते आणि मशीनिंग केल्यावर काळी रेघ बनून दिसते. तळातून भरणारं गेटिंग (रसाची वाट), शांत ओतणं, सिरॅमिकची जाळी. वाळू कोरडी, सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूनं कडक केलेला) साचा असेल तर नीट भाजलेला.

चिल लावलं की दाणा (धातूचा स्फटिक) बारीक होतो, ताकद थोडी वाढते. वाहकतेला दाण्याच्या आकारानं फारसा फरक पडत नाही. तिला फरक पडतो विरघळलेल्या घाणीनं आणि भोकांनी. म्हणून कुणी 'दाणा बारीक केला, आता वीज चांगली जाईल' म्हणालं तर मान डोलवून पुढं व्हा.

पायरी चौथी: विरघळवणं आणि विझवणं

वाळूतून काढलेला जॉब हळू थंड झालेला असतो, त्यामुळं क्रोमियम आधीच जाडजूड कणांत बाहेर पडलेलं असतं. वाहकता बरी, कडकपणा नाही. हे कण मोडून परत विरघळवायला ९८० ते १०१० अंश लागतात. आम्ही १००० वर ठेवतो, पंचवीस मिलिमीटर जाडीला तासभर. १०७६ ला यातला काही भाग वितळायला लागतो, म्हणजे वर फक्त सत्तर-एक अंशांची मोकळीक. भट्टीचा आकडा आणि जॉबजवळचा आकडा एकच आहे का हे आधी वेगळ्या थर्मोकपलनं तपासून घ्या. एवढ्या उष्णतेत तांबं स्वतःच्या वजनानं वाकतं, लांब आर्मला खाली तीन ठिकाणी टेकू द्या. खपली बरीच जाते, म्हणून कच्चं मशीनिंग आधी केलं तरी शेवटचा हात नंतरच.

आता भट्टीच्या दारापासून पाण्यापर्यंतचं अंतर. आमची टाकी पूर्वी शेडच्या दुसऱ्या टोकाला होती. मोबाईलवर वेळ लावून बघितली तर शेवटचा जॉब पाण्यात पडेपर्यंत ४० सेकंद. टाकी भट्टीच्या पायाशी आणली, ट्रेमध्ये कमी जॉब लावले, आता दहाच्या आत. पातळ जॉबवर या तीस सेकंदांचा फरक हार्डनेसमध्ये सरळ दिसला. वाटेत थंड होताना क्रोमियम वाट्टेल तिथं आणि वाट्टेल तेवढं जाड बाहेर पडतं, मग मुरवायला आत काही शिल्लक राहत नाही. पाणी भरपूर, हलतं. तेल नको.

विझवल्यावर जॉब सगळ्यांत मऊ आणि वाहकतेत सगळ्यांत वाईट: ब्रिनेल ६० ते ७०, वाहकता ४० ते ४५. त्या पोराच्या हातात होता तो हाच टप्पा. इथं जॉब महिनाभर पडला तरी चालतो. काही अॅल्युमिनियम मिश्रधातू नुसते पडून मुरतात, क्रोमियम कॉपर घरच्या हवेत मुरत नाही.

सळईवाले कारखाने इथं विझवणं आणि मुरवणं यांच्यामध्ये सळई थंड ओढतात. त्यामुळं त्यांचे आकडे आपल्यापेक्षा वर असतात. गिऱ्हाईक सळईचा टेस्ट रिपोर्ट दाखवून 'एवढं द्या' म्हणेल, तेव्हा ओतलेल्या जॉबकडून तो कडकपणा मागू नये हे ऑर्डर घेतानाच बोलून टाकावं.

पायरी पाचवी: मुरवणं

४७० ते ४८० अंश, तीन ते चार तास. तास जॉबच्या गाभ्याला उष्णता पोचल्यापासून मोजायचे. नंतर हवेत थंड झालं तरी चालतं.

हे वाक्य सोपं आहे, पण मी इथंच सगळ्यांत महाग शिकलो. पहिली मोठी ऑर्डर होती, ब्रिनेल किमान ११० हवं होतं, आले १०४. मनात म्हटलं अजून थोडं मुरू दे. रात्रभर भट्टीत ठेवलं. सकाळी ८८. कण मोठे झाले, एकमेकांपासून लांब गेले, त्यांच्यामधून स्फटिकाचे थर सुखानं घसरायला लागले. वाहकता मात्र ८६, झक्कास. वर नंतर कळलं की थर्मोकपल दाराजवळ होतं आणि आतली बाजू पाचशे वीसच्या पुढं चालत होती. सगळे जॉब परत १००० ला नेऊन, विझवून, नव्यानं मुरवले. सुटलो.

म्हणून प्रत्येक नव्या भट्टीला एक दिवस द्या. एकाच हीटच्या रनरमधून (साच्यात रस नेणाऱ्या वाटेत गोठलेल्या धातूतून) पाच तुकडे कापा, एकत्र विरघळवा आणि विझवा, मग एजिंगच्या भट्टीत घालून एक, दोन, तीन, चार आणि सहा तासांनी एकेक बाहेर काढा. प्रत्येकाचे दोन्ही आकडे वहीत. कडकपणा चढतो, एका जागी माथा गाठतो आणि उतरायला लागतो. वाहकता मात्र चढतच राहते, फक्त हळू. माथ्याच्या जरासं पुढं थांबायचं असं माझं मत: एक-दोन ब्रिनेल गेले तरी वाहकतेचे दोन गुण मिळतात आणि वापरात गरम होणाऱ्या जॉबमध्ये नंतर कमी बदल होतो.

मधेच लाईट गेली तर घाबरू नका. भट्टी ४५० च्या खाली किती वेळ होती ते बघा, तेवढा वेळ पुढं वाढवा. मुरणं थांबतं, वाया जात नाही.

मुरवलेल्या जॉबवर नंतर ब्रेझिंग नको. एका गिऱ्हाइकानं आमच्या चांगल्या होल्डरला पाण्याची निपल चांदीच्या सळईनं जोडली, म्हणजे सहाशेच्या वर ताव दिला, आणि जोडाभोवती मऊ पडल्याची तक्रार आमच्याकडं आणली. निपल आट्यांची करा.

पायरी सहावी: मोजणं

हार्डनेस ब्रिनेलवर, खपली काढून. वाहकतेला एडी करंटचा मीटर सोयीचा, पण जागा मशीन केलेली, सपाट, कडेपासून लांब आणि दोन मिलिमीटरपेक्षा जाड हवी. जॉब, मीटर आणि त्याचे नमुना ठोकळे तासभर एकाच टेबलावर राहू द्या. मे महिन्यात आमच्या पत्र्याखाली ३८ अंश असतात. २० अंशांना ८० टक्के असलेला जॉब तेवढ्या तापात ७६ च्या आत-बाहेर दाखवतो. भट्टीतून काढून कोमट असताना मापणाऱ्यांची गोष्टच वेगळी.

मीटर महाग वाटला तर चार तारांचा मायक्रोओहम मीटर कुणाकडून तरी मागून आणा. १० बाय १० चा, नीट मशीन केलेला बार घ्या, आतल्या दोन टोकांमध्ये बरोबर २०० मिलिमीटर ठेवा. शुद्ध तांब्याला ३४.५ मायक्रोओहम येतील. ८० टक्क्यांना ४३, नुसत्या विझवलेल्या ४५ टक्क्यांच्या बारला जवळजवळ ७७. फरक एवढा मोठा की साध्या मीटरलाही चुकत नाही.

आता आकडे वाचायचे. एकटा आकडा कधीच वाचायचा नाही, कारण ८८ ब्रिनेल कमी मुरलेल्याचाही असतो आणि जास्त मुरलेल्याचाही.

दोन्ही कमी असतील तर जॉब कच्चा आहे, क्रोमियम अजून विरघळलेलंच आहे. परत मुरवा, बिनधास्त. कडकपणा बरोबर आणि वाहकता साठीत असेल तर भट्टीला हात लावू नका, चार्जकडं जा. फॉस्फरस, लोखंड, जस्त यांपैकी कुणीतरी आत बसलंय. कितीही मुरवा, ते बाहेर येत नाही. एकाच जॉबवर जागोजागी वेगळे आकडे येत असतील तर कापून बघा, भोकं सापडतील.

खरी फसवणारी जोडी म्हणजे कडकपणा कमी आणि वाहकता ८५ च्या वर. याची तीन कारणं असू शकतात: जास्त मुरलाय, नीट विझला नाही, किंवा क्रोमियमच नाही, मुशीतच जळून गेलं. पहिली दोन दुरुस्त होतात, तिसरं नाही, आणि बाहेरून तिन्ही सारखीच दिसतात. स्पेक्ट्रोचा रिपोर्ट यायला दोन दिवस लागतात, त्याआधी हे करा: रनरचा एक छोटा तुकडा १००० ला तासभर ठेवा, लगेच पाण्यात टाका, थंड झाला की वाहकता मापा. आकडा घसरून ४०-४५ ला आला तर क्रोमियम आत आहे. सगळी बॅच परत विरघळवा, विझवा, मुरवा. आकडा पाण्यात टाकूनही ऐंशीच्या वरच राहिला तर विरघळायला आत काही नव्हतंच. ते जॉब परत मुशीत.